रुग्णालयातून शिवारापर्यंत : भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार

गोंदिया शहराच्या निकट वसलेले नागरा हे गाव तेथील प्राचीन शिवमंदिरामुळे सर्व परिसरात सुपरिचित आहे. महाशिवरात्रीस तेथे भाविकांची रीघ लागते. एरवी गावाचे जीवन धानपट्ट्यातील इतर गावांसारखेच आहे. मृगाच्या सरी येताच पऱ्हे टाकावेत, पुढे बांध्यांत चिखलणी करून रोवणी उरकावी, दिवाळीच्या मागेपुढे कापणी करावी आणि मग मळणीला लागावे, असा हा क्रम. या प्रत्येक कामाला तासन् तास वाकणारी कंबर, चिखलातही तोल सावरणारे पाय आणि रोप अलगद चिमटीत धरणारी बोटे लागतात. ज्या दिवशी यांपैकी एखादा अवयव साथ सोडतो, त्या दिवशी कुटुंबाचा एक कमावता हात जातो आणि त्याच्या शुश्रूषेसाठी घरातील दुसरा हातही अडकून पडतो.

समजा, अशा एका गावातील पन्नाशी उलटलेल्या शेतकऱ्यास ऐन हंगामात लकवा मारला. आज अशा रुग्णास तातडीने गोंदियास नेण्याची सोय आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात धावत आहे आणि गोंदिया येथे २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. रक्तदाब आटोक्यात येतो, धोका टळतो आणि काही दिवसांनी रुग्ण घरी परततो. जीव वाचला याचे समाधान सर्वांनाच असते. परंतु उजवा हात लोंबकळत असतो, पाय ओढत चालावे लागते, सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. औषधांची चिठ्ठी सोबत असते. हे हातपाय पुन्हा कामाला कसे लागतील, याचे उत्तर मात्र त्या चिठ्ठीत नसते. ते उत्तर ज्या दोन शास्त्रांकडे आहे त्यांचा परिचय करून देणे, आणि मोठ्या शहरातील रुग्णालयांइतकीच, किंबहुना अधिक, त्यांची गरज लहान रुग्णालयांत का आहे हे स्पष्ट करणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

दोन शास्त्रे, एकच रुग्ण

पहिले शास्त्र भौतिकोपचार. व्यवहारात त्यास सर्वजण फिजिओथेरपी म्हणतात. व्यायाम, हालचाल, उष्णता, विद्युत्प्रवाह, पाणी अशा भौतिक साधनांनी स्नायूंची शक्ती, सांध्यांची लवचीकता, शरीराचा तोल आणि श्वसनाची क्षमता वाढविणे, हे त्याचे कार्य होय. दुसरे शास्त्र व्यवसायोपचार. या शब्दामुळे पुष्कळांचा गैरसमज होतो. एखादा धंदा शिकविण्याचा वर्ग असावा, अशी समजूत करून घेतली जाते. येथे व्यवसाय हा शब्द अतिशय व्यापक अर्थाने योजिला आहे. मनुष्य सकाळपासून रात्रीपर्यंत ज्या ज्या कृतींत गुंतलेला असतो, त्या सर्व त्याचे व्यवसायच होत. दात घासणे, आंघोळ, जेवण, भाकरी थापणे, विडी वळणे, पाटीवर अक्षर गिरवणे, रोवणी करणे, या कृती रुग्णास पुन्हा करता याव्यात यासाठी त्या कृतींच्याच द्वारे दिलेला उपचार म्हणजे व्यवसायोपचार.

थोडक्यात सांगावयाचे तर, खांदा किती अंशांपर्यंत वर जातो हे भौतिकोपचारतज्ज्ञ पाहतो. त्या खांद्याच्या बळावर रुग्णास डोक्यावर पाणी ओतता येते की नाही, हे व्यवसायोपचारतज्ज्ञ पाहतो. प्रत्यक्षात ही सीमारेषा इतकी काटेकोर नसते आणि लहान रुग्णालयात तर ती नसलेलीच बरी.

महाराष्ट्राचा वारसा

या दोन्ही शास्त्रांचे भारतातील शिक्षण मुंबईत रुजले, ही गोष्ट आपल्या राज्यातही फारशी ठाऊक नसते. कमला निंबकर यांचे मूळ नाव एलिझाबेथ लंडी. जन्माने त्या अमेरिकन. विष्णु निंबकर यांच्याशी विवाह करून त्या भारतात स्थायिक झाल्या, आणि पुढे फिलाडेल्फिया येथे जाऊन त्यांनी व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले. १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. ती देशातील पहिलीच होय. नागपुरातही अशी शाळा उभी राहिली त्यामागे त्यांचेच प्रयत्न होते. १९५२ मध्ये व्यवसायोपचारतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या संस्थापक सदस्यांत भारताचा समावेश होता. त्यानंतर १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईत भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले आणि १९५५ मध्ये हाजीअली येथे शारीरिक पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली.

या साऱ्या प्रयत्नांमागे त्या काळी पोलिओने पंगू झालेल्या मुलांचा प्रश्न मोठा होता. स्वतःच्या मुलीस पोलिओ झाल्यानंतर फातिमा इस्माईल यांनी मुंबईत अशा मुलांसाठी उपचार केंद्र उभारले, हा त्याच काळातील इतिहास आहे. लसीकरणामुळे भारतातील पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. ज्या रोगाने ही शास्त्रे येथे आणली तो गेला, पण त्यांची आवश्यकता वाढतच गेली आहे. माणसे अधिक वर्षे जगू लागली, रक्तदाब व मधुमेह खेड्यांत पोहोचले, दुचाकीचे अपघात वाढले. महाराष्ट्रात या दोन्ही व्यवसायांसाठी स्वतंत्र परिषद असावी असा कायदा २००२ मध्ये झाला आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने त्यांना देशपातळीवर मान्यतेची चौकट मिळाली.

अंतराचा हिशेब

शस्त्रक्रिया एकदा होते. गोळ्या महिनाभराच्या एकदम आणता येतात. भौतिकोपचाराचे तसे नाही. तो पुनःपुन्हा घ्यावा लागतो आणि त्याचे फळ आवृत्तीवरच अवलंबून असते. आठवड्यातून तीन वेळा याप्रमाणे सहा आठवडे उपचार घ्यावयाचे म्हटले, तर अठरा खेपा होतात. जाणे-येणे धरून छत्तीस वेळा वाहनात चढउतार. ज्यास चालता येत नाही, त्याच्यासोबत एक धडधाकट माणूस हवा. म्हणजे अठरा दिवसांची मजुरी बुडाली. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. तरीही वाहनभाडे आणि बुडालेली मजुरी यांचा भार कुटुंबावरच राहतो.

नागऱ्यासारख्या शहराजवळच्या गावाचीही जर ही स्थिती, तर सालेकसा किंवा देवरी तालुक्याच्या वनव्याप्त भागातील रुग्णाचे काय होत असेल, याची कल्पना करता येईल. नागपूर तर गोंदियापासून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. तेथे कितीही उत्तम विभाग असला, तरी आठवड्यातून तीनदा तेथे कोण जाणार? गोंदिया जिल्ह्यात आठ तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १३,२२,५०७ आहे. तिरोडा येथे उपजिल्हा रुग्णालय आणि इतर ठिकाणी ग्रामीण रुग्णालये आहेत. तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय हेच या उपचाराचे खरे स्थान होय. शस्त्रक्रियेसाठी रुग्णाने दूर जावे, हे समजण्यासारखे आहे. परंतु चालावयास शिकण्यासाठी त्याला शंभर किलोमीटर प्रवास करावयास लावणे हा विरोधाभासच म्हणावा लागेल.

लकव्यानंतरचे तीन महिने

आपल्या कल्पित शेतकऱ्याकडे पुन्हा वळू. पक्षाघातात मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो किंवा तेथे रक्तस्राव होतो. नष्ट झालेल्या पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. मात्र मेंदूचे शेजारचे भाग काही प्रमाणात ते काम शिकू शकतात, आणि ते शिकतात केवळ सरावाने. पहिल्या तीन महिन्यांत ही सुधारणा सर्वांत वेगाने होते. त्यानंतरही ती होत राहते, त्यामुळे वर्ष उलटलेल्या रुग्णास परत पाठविणे योग्य नव्हे. परंतु पहिले तीन महिने नुसते अंथरुणावर गेले, तर झालेली हानी भरून काढणे कठीण होते.

उपचाराचा प्रारंभ अगदी साध्या गोष्टींनी होतो. रुग्णास दर दोन तासांनी कुशीवर वळविले नाही, तर माकडहाड, खुबा आणि टाचा यांवर शय्याव्रण पडतात. लुळा पडलेला हात ओढून रुग्णास उठविण्याची पद्धत सर्वत्र दिसते. तिने खांद्याचा सांधा निसटतो आणि पुढे महिनोन् महिने वेदना होतात. तो हात उशीवर ठेवावा आणि उठविताना आधार पाठीला व कमरेला द्यावा. प्रकृती स्थिर होताच डॉक्टरांच्या संमतीने रुग्णास बसविणे, पाय जमिनीला टेकविणे आणि उभे करणे सुरू होते. भरविताना रुग्ण ताठ बसलेला असावा. निजलेल्या स्थितीत पाणी पाजल्यास ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

पुढे हात आखडू लागतो, बोटे मुठीत वळतात. अशा वेळी रबरी चेंडू दिवसभर दाबत बसण्याचा सल्ला शेजारीपाजारी हमखास देतात. ताठर झालेल्या हातास मूठ मिटण्याचा सराव नको असतो, उघडण्याचा हवा असतो. तळहात जमिनीवर सपाट ठेवून त्यावर भार देणे, ताटातील धान सरळ बोटांनी पसरणे, पेला धरून सोडणे, हे अधिक उपयुक्त. मालिशीवरील लोकांचा विश्वासही असाच आहे. हलक्या हाताने तेल लावण्यात अपाय नाही आणि रुग्णास बरेही वाटते. पण हालचाल शिकविण्याचे काम मालीश करू शकत नाही. मालिशीत गेलेला महिना हा बहुतेक वेळा वाया गेलेला महिना असतो.

व्यवसायोपचारतज्ज्ञ रुग्णास कपडे घालण्याची रीत शिकवितो: घालताना अधू हात अस्तनीत आधी, काढताना शेवटी. एवढ्या एका युक्तीने रुग्ण स्वतः सदरा घालू लागतो आणि त्याच्या चेहऱ्यावरचा भाव बदलतो. चमच्याच्या दांड्यास कापड गुंडाळून तो जाड करणे, ताटाखाली ओला पंचा ठेवणे म्हणजे ते सरकत नाही, आंघोळीसाठी पाटाऐवजी उंच स्टूल देणे, हे सारे उपाय घरातल्याच वस्तूंनी होतात.

येथे एक गोष्ट आवर्जून नमूद करावीशी वाटते. या शास्त्रांची पुस्तके बहुतांशी अशा देशांत लिहिली गेली, जेथे माणसे खुर्चीवर बसून जेवतात आणि टेबलाशी उभे राहून स्वयंपाक करतात. आपला ग्रामीण रुग्ण जमिनीवर बसतो, जमिनीवरच जेवतो, चुलीपुढे उकिडवा बसतो. त्यास खुर्चीवरून उठावयास शिकवून घरी पाठविले, तर घरी खुर्चीच नसते. जमिनीवर बसणे, तेथून एका गुडघ्यावर येऊन उठणे, उंबरा ओलांडणे, बांधावरून तोल सांभाळीत चालणे, यांचा सराव उपचार कक्षातच झाला पाहिजे.

मोडलेले हाड आणि आखडलेला सांधा

मोहफुले वेचण्याच्या व तेंदूपाने तोडण्याच्या दिवसांत, आणि एरवीही झाडावरून, बैलगाडीवरून किंवा दुचाकीवरून पडून हाडे मोडतात. हाड सांधणे हे डॉक्टरांचे काम. परंतु प्लास्टर निघाल्यावर कोपर वाकत नाही, गुडघा मुडपत नाही, म्हणून रुग्ण निराश होतो. प्लास्टर असतानाच मोकळी बोटे हलवीत राहिले, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

ग्रामीण भागात हाड बसविणाऱ्या जाणत्यांकडे जाण्याची प्रथा जुनी आहे. तिची सरसकट निर्भर्त्सना करून उपयोग नाही. तथापि दोन धोके शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी लोकांना अवश्य सांगावेत. मोडलेल्या हातावर बांबूच्या कामट्या घट्ट आवळल्यास रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांतच स्नायू मरू लागतात. बोटे सुजणे, बधिर होणे, थंड किंवा निळसर पडणे आणि बोटे सरळ करताना असह्य वेदना होणे ही खूण दिसताच पट्टी तात्काळ सोडून रुग्णालय गाठावे. दुसरा धोका कोपराचा. दुखावलेले कोपर जोराने चोळले किंवा बळेच वाकविले, तर स्नायूतच हाड तयार होऊ लागते आणि सांधा कायमचा जखडतो. कोपराचा व्यायाम रुग्णाने स्वतःच्या शक्तीने, वेदनेच्या मर्यादेत करावयाचा असतो.

झाडावरून पडलेल्याच्या पाठीच्या कण्यास इजा झाल्याची शंका असल्यास त्यास खांद्यावर टाकून किंवा दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नये. फळीवर किंवा काढलेल्या दाराच्या पल्ल्यावर सरळ निजवून न्यावे. त्या एका प्रवासावर पुढचे सारे आयुष्य अवलंबून असू शकते.

या जिल्ह्याच्या आपल्या व्याधी

पूर्व विदर्भात काही व्याधी अशा आहेत की, ज्यांमुळे येथील उपचार विभाग इतर ठिकाणांपेक्षा वेगळा असावयास हवा.

कुष्ठरोग त्यांपैकी एक. १९८० नंतरच्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. परंतु रोगजंतू नाहीसे झाले म्हणून मज्जातंतूंची झालेली हानी भरून येतेच असे नाही. कोपराजवळील मज्जातंतू दुखावला की करंगळी व अनामिका वाकड्या होतात. गुडघ्याजवळील दुखावला की पाऊल लोंबकळते. संवेदना गेल्याने चुलीवरचे भांडे उचलताना हात भाजतो आणि ते कळतही नाही. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस अशा हातांवर स्नायुबंध बदलण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. त्या शस्त्रक्रियेत एका बोटाचे काम करणारा स्नायुबंध दुसऱ्या कामास जोडला जातो, आणि त्यास नवे काम शिकविण्याची जबाबदारी भौतिकोपचाराची असते. शस्त्रक्रिया कितीही कुशल असो, हा सराव झाला नाही तर बोटे होती तशीच राहतात.

त्याहीपूर्वीची, आणि प्रत्येक गावात होऊ शकेल अशी काळजी म्हणजे रोज वीस मिनिटे हातपाय साध्या पाण्यात भिजविणे, कोरडी झालेली कातडी खरबरीत दगडाने हलके घासणे, तेल लावणे, तळपायाची रोज पाहणी करणे आणि मऊ रबराची विशेष पादत्राणे वापरणे. भांड्यांना लाकडी किंवा कापड गुंडाळलेली मूठ बसविणे हा व्यवसायोपचाराचाच भाग होय. स्नायू अचानक दुबळा झाला किंवा नव्याने बधिरता आली, तर सहा महिन्यांच्या आत औषधोपचार झाल्यास ती हानी बहुतांशी परतविता येते. म्हणून अशा रुग्णास थांबवून ठेवू नये.

हत्तीरोगात पाय सुजतो. तो पूर्वीसारखा होणार नाही, असे समजून रुग्ण घरात बसतो. पाय रोज साबणाने धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे, बसताना पाय उंच ठेवणे आणि घोटा वरखाली हलविण्याचा व्यायाम करणे एवढ्याने वारंवार येणारे ताप व सूज यांचे प्रमाण घटते. तापाचा झटका आलेला असताना मात्र व्यायाम करू नये. आणि वर्षातून एकदा घरोघरी दिल्या जाणाऱ्या गोळ्या पाय सुजलेला नसलेल्यांनीही घ्यावयाच्या असतात, हे या निमित्ताने सांगितलेले बरे.

तिसरी व्याधी सिकलसेल. तिच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. रक्तातील लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्या अडवितात. त्यामुळे वेदनांचे झटके येतात आणि काही तरुणांत मांडीच्या हाडाचे डोके रक्ताअभावी झिजते. विशीत लंगडणाऱ्या मुलास आळशी ठरविण्यापूर्वी त्याच्या खुब्याची तपासणी व्हावी. अशा रुग्णास दुखऱ्या जागी बर्फ लावू नये, थंडीने झटका बळावतो. ऊबदार शेक, भरपूर पाणी आणि सौम्य व्यायाम हेच हितकर. शिक्षकांनी अशा मुलास वर्गात केव्हाही पाणी पिण्याची मोकळीक द्यावी आणि उन्हात धावण्याच्या शर्यतीची सक्ती करू नये.

बालवाडी आणि शाळा

मूल नऊ महिन्यांचे होऊनही आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षाचे होऊनही चालत नसेल, तर ‘होईल हळूहळू’ असे म्हणून वाट पाहू नये. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत वैद्यकीय पथके अंगणवाड्या व शाळांना भेट देतात. त्या दिवशी असे मूल घरी राहता कामा नये. आणि नेमके तेच घरी ठेवले जाते, हा अनुभव आहे.

जन्मतः वाकडे पाऊल असलेल्या बालकावर पहिल्या काही आठवड्यांतच उपचार सुरू केल्यास आठवड्यागणिक बदलल्या जाणाऱ्या पाच-सात प्लास्टरांनी, आणि बहुधा टाचेच्या स्नायुबंधावरील एका लहानशा छेदाने, पाऊल सरळ होते. त्यानंतर सुमारे चार वर्षांच्या वयापर्यंत रात्री विशेष बूट घालावे लागतात. पाऊल सरळ दिसू लागताच पालक ते बूट माळ्यावर टाकतात आणि पाऊल पुन्हा वळते. मूल पाच वर्षांचे होईतो अंगणवाडी सेविकेने मधूनमधून केलेली एक विचारणा येथे मोलाची ठरते.

सेरेब्रल पाल्सी झालेले मूल वर्गात बसते तेव्हा त्याचे पाय अधांतरी लोंबकळत असतील, तर त्याचे सारे लक्ष तोल सावरण्यातच जाते. पायाखाली एक लाकडी खोका, कमरेला साधा पट्टा आणि छातीच्या उंचीचे टेबल एवढी सोय झाली, तर त्याचे हात लिहिण्यास मोकळे होतात. पेन्सिलीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून ती जाड करता येते.

कक्ष कसा असावा

ग्रामीण रुग्णालयात अशा विभागासाठी तळमजल्यावरील एक प्रशस्त, उजेडाची खोली पुरते. समांतर दांडे, मोठा आरसा, चटई, भिंतीवरची कप्पी, काही वजने, खांद्याचे चाक, मेणाचे पात्र आणि तीन-चार पायऱ्यांचा लाकडी जिना. व्यवसायोपचारासाठी एका फळीवर बसविलेली कडी, कुलूप, नळ, विजेचे बटण. सूप, पाटी, दोरी, विडीची पाने व सुरी. विद्युत् यंत्रे असावीत, पण मोजकी. ‘शेक’ घेऊन रुग्ण घरी जातो आणि व्यायाम राहून जातो, अशी विभागाची गत होऊ नये. यंत्राखाली निजलेला रुग्ण काहीच शिकत नाही.

दाराशी उतार असावा, आणि तो एकास बारा या प्रमाणात, म्हणजे एक फूट उंची चढण्यास बारा फूट लांबीचा. अनेक ठिकाणी उतार असतो, पण असा चढा की चाकाच्या खुर्चीस दोन माणसे लागतात. शौचालयात भिंतीस दांडी असावी. नोंदवहीत ‘आज किती जणांस उपचार दिला’ याबरोबरच रुग्ण किती पावले चालला, कोपर किती अंश वाकले, स्वतः जेवतो की नाही, हे महिन्याच्या अंतराने लिहिले जावे. कामाचे मोजमाप त्यावरूनच होते.

प्रत्येक ठिकाणी दोन्ही शास्त्रांचे तज्ज्ञ पूर्णवेळ मिळतीलच असे नाही. जेथे तज्ज्ञ ठरावीक वारी येतो, तेथे त्याच्या गैरहजेरीत परिचारिका, आशा स्वयंसेविका आणि घरचा एक माणूस यांच्याकडून काम चालते. मात्र त्या माणसास नुसते सांगून भागत नाही. तज्ज्ञासमोर त्याने स्वतःच्या हातांनी ती कृती करून दाखवावी लागते.

पंचायतीच्या हाती

ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची आहे. ही रक्कम लहान गावात फार मोठी नसते, आणि ती थोडीथोडी वाटून टाकण्याकडे कल असतो. त्यातूनच गावात दोन वॉकर, एक चाकाची खुर्ची आणि शौचासाठी एक बैठी खुर्ची घेऊन ठेवली, तर ती एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जात राहते. हातपंपाभोवतीचा निसरडा ओटा खरबरीत करणे, रुग्णाच्या घरापासून रस्त्यापर्यंतची वाट सपाट करणे, पंचायत कार्यालयाच्या पायरीशी उतार बांधणे, ही कामेही त्यात बसू शकतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात ते सातच होते. सिकलसेल, तसेच बरा झालेला पण व्यंग राहिलेला कुष्ठरुग्ण यांनाही त्यात स्थान आहे. वैश्विक ओळखपत्रासाठी नोंदणी, आणि कृत्रिम अवयव व साधने देणाऱ्या शिबिरांची वेळेवर सूचना, ही ग्रामसेवक व शिक्षकांकडून होण्यासारखी कामे आहेत. शिबिरातून मिळालेली कुबडी उंचीला बेताची आहे की नाही, हे मात्र तज्ज्ञाकडून पाहून घ्यावे. काखेत रुतणारी कुबडी काखेतील मज्जातंतू दाबते आणि पायाच्या आजारात हातही दुबळा होतो. कुबडीचा माथा काखेपासून दोन-तीन बोटे खाली असावा आणि भार हातांच्या मुठींवर यावा.

रोवणीच्या दिवसांत उपचार विभागातील हजेरी रोडावणे स्वाभाविक आहे, कारण रुग्णास आणावयास घरात कोणी मोकळे नसते. त्या महिन्यासाठी घरच्या व्यायामांची यादी चित्रांसह रुग्णास आधीच देऊन ठेवावी आणि तपासणीची तारीख आठवडी बाजाराच्या दिवशी घालावी. त्या दिवशी गावातून वाहन निघणारच असते, आणि धान्याच्या पोत्यांशेजारी एका माणसास बसण्यापुरती जागा त्यात होते.